मोजदादीबाहेरची भूक

महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा बालकांची वजने होतात. ती वहीत चढतात, वजनावरून मूल कोणत्या श्रेणीत मोडते हे ठरते, आणि ते खालच्या श्रेणीत उतरले तर त्याची वर्दी पर्यवेक्षिकेमार्फत तालुक्याच्या कचेरीपर्यंत जाते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाल्यापासून मुलाचे वजन ही केवळ त्याच्या आईबापांची नव्हे, तर सर्व समाजाची चिंता आहे, एवढे तरी आपण दप्तरी मान्य केले. त्याच मुलाला कडेवर घेऊन अंगणवाडीत येणारी त्याची आजी मात्र त्या काट्यावर कधी उभी राहत नाही. गेल्या दिवाळीला मनगटावर घट्ट बसणाऱ्या तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात, कवळी हिरड्यांवर बसेनाशी होते, ओट्याशी उभे राहताना तिला भिंतीचा आधार लागतो, आणि यांपैकी कशाचीच नोंद कोणत्याही वहीत होत नाही. कारण ‘वय झाले, आता माणूस वाळायचाच’ हा निवाडा घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी आणि पुष्कळदा डॉक्टरांनीही आधीच देऊन ठेवलेला असतो.

हा निवाडा चुकीचा आहे, हेच मला या प्रस्तावनेत मुख्यतः सांगावयाचे आहे. वाढत्या वयाबरोबर स्नायू घटतात, भूक थोडी मंदावते, जिभेची आणि नाकाची तीक्ष्णता कमी होते, हे सर्व खरे. परंतु तीन महिन्यांत तीन किलो वजन उतरणे, अंगावरचे मांस दिसेल इतके झडणे, जिना चढण्याची शक्ती एका पावसाळ्यात नाहीशी होणे, ही वार्धक्याची लक्षणे नव्हेत. ती अन्न पुरेसे न मिळाल्याची, न खाल्ल्याची अथवा अंगी न लागल्याची लक्षणे आहेत. त्यांना कारण असते, ते बहुधा शोधता येते, आणि वेळेवर शोधले तर पुष्कळदा दूरही करता येते. ते वेळेवर सापडण्याची जागा म्हणजे रुग्णालय नव्हे. रुग्णालयात ते सापडते तेव्हा कमरेचे हाड मोडलेले असते किंवा छातीत न्यूमोनिया झालेला असतो. ती जागा म्हणजे घर, आळी, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा, आशाताईची गृहभेट आणि रेशनच्या दुकानासमोरची रांग.

प्रश्नाचा आकार प्रथम ध्यानात घ्यावा. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या वर गेली. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, आणि महाराष्ट्रात ते त्याहूनही अधिक, दहा टक्क्यांच्या जवळ होते. एवढ्या लोकसंख्येच्या पोषणाविषयी आपली माहिती मात्र दीर्घकाळ तुटपुंजी राहिली. ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर आपली बहुतेक पोषणविषयक चर्चा उभी असते, ती माता, बालके आणि प्रजनन यांच्यासाठी आखली गेल्यामुळे तिच्यात स्त्रियांची गणना १५ ते ४९ आणि पुरुषांची १५ ते ५४ या वयांपुरती होते. पन्नाशीला पोचलेली स्त्री त्या पाहणीच्या दृष्टीने जणू हिशेबातून वजा होते. ही उणीव २०१७-१८ साली मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या ‘लासी’ या दीर्घकालीन वार्धक्य-अभ्यासाच्या पहिल्या फेरीने काही अंशी भरून काढली. पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक माणसांची त्या वेळी प्रत्यक्ष मोजमापे झाली, आणि साठीपुढील माणसांपैकी सुमारे २७ टक्के उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. खेड्यांत हे प्रमाण शहरांपेक्षा पुष्कळच जास्त होते. उलट सुमारे २२ टक्के वृद्ध स्थूल अथवा अतिवजनी होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, कारण स्थूल माणसाचेही स्नायू झडू शकतात आणि त्याच्या रक्तातही जीवनसत्त्वांचा दुष्काळ असू शकतो.

येथे विषयाची मर्यादा सांगणे अवश्य आहे. या ग्रंथात विचार आहे तो समाजात, म्हणजे स्वतःच्या अथवा मुलाबाळांच्या घरी, राहणाऱ्या वृद्धांचा. रुग्णालयातील खाटेवरचे किंवा वृद्धाश्रमातील वृद्ध त्यात प्रसंगानेच येतात. दुसरे असे की विचार आहे तो कुपोषणाच्या धोक्याचा. धोक्यात असलेला माणूस अजून हिंडता-फिरता असतो, देवळात जातो, नातवंडांना शाळेत सोडतो. केवळ त्याचे ताट हळूहळू लहान होत चाललेले असते. उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलद्रूप असतो तो याच अवस्थेत, आणि नेमकी हीच अवस्था दृष्टीआड राहते.

आपल्या परंपरेला हा विषय अगदीच अपरिचित होता असे नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत जराचिकित्सेला स्वतंत्र स्थान आहे, उतारवय हे वातप्रधान मानले आहे, आणि अग्नी मंद झालेल्या शरीरास स्निग्ध, उष्ण, पचण्यास हलके अन्न द्यावे हा विचार घरोघरच्या स्वयंपाकात आजही मऊ भाताच्या आणि तुपाच्या रूपाने टिकून आहे. परंतु आधुनिक पोषणशास्त्र या देशात आले ते निराळ्या प्रयोजनाने. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे सुरू केलेल्या संशोधनापासून, एक्रॉइड आणि पुढे वि. ना. पटवर्धन यांच्या कारकिर्दीपर्यंत, आणि कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस हलल्यानंतरही, अभ्यासकांसमोर प्रामुख्याने होते ते मजूर, गर्भवती आणि बालक. आणि ज्या देशात मुले पटापट मरत होती तेथे हा अग्रक्रम सर्वस्वी न्याय्य होता. वृद्ध त्या हिशेबात शिरला तो प्रौढ पुरुषाच्या गरजेचा एक अपूर्णांक म्हणून.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर अन्न आणि दारिद्र्य यांच्या मोजमापाचा सर्वांत गाजलेला वाद पुण्याशी निगडित आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई दररोज २२५० उष्मांक हे माप धरून भारतातील दारिद्र्याचा अंदाज बांधला. आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मून जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुखपद भूषविलेले पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर आक्षेप घेताना असे प्रतिपादिले की एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत कमी अन्नाशी जुळवून घेते. दोन्ही बाजूंचे ऋण आपल्यावर आहे. प्रथिनांच्या तुटवड्याचा फार गाजावाजा चालू असताना खरी उणीव पुरेशा अन्नाचीच आहे, हे सुखात्म्यांनी ठामपणे सांगितले ते मोलाचेच होते. तथापि वृद्धांच्या बाबतीत या दोन्ही विचारांची चौकट अपुरी पडते, असे माझे नम्र मत आहे. दरडोई सरासरी घराच्या उंबरठ्याशी थांबते. आत कोणाच्या पानात काय पडले हे ती सांगत नाही. आणि जुळवून घेण्याची शरीराची शक्ती ही ज्या साठ्यावर उभी असते तो साठाच वार्धक्यात आटलेला असतो. तरुण माणूस आजारपणात गमावलेले वजन महिन्या-दोन महिन्यांत परत मिळवितो, सत्तरीतल्या माणसाचे गेलेले मांस पुष्कळदा परत येतच नाही.

वृद्धांच्या जेवणाकडे स्वतंत्रपणे पाहण्याची सुरुवात परदेशात झाली, आणि ती रुग्णालयापेक्षा घरातून झाली हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. लंडनमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया काय खातात याचा एक्स्टन-स्मिथ आणि स्टँटन यांनी केलेला अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर ब्रिटिश शासनाने वृद्धांच्या आहाराची विस्तृत पाहणी केली. पुढे मात्र या विषयाचे केंद्र रुग्णालयाकडे सरकले. १९७४ साली अमेरिकन वैद्य चार्ल्स बटरवर्थ यांनी, रुग्ण रुग्णालयातच उपाशी राहून खंगतात आणि कोणाच्या ते ध्यानीही येत नाही, असा घणाघाती आरोप आपल्याच व्यवसायावर केला. आणि १९९४ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील मॅक्विर्टर आणि पेनिंग्टन यांनी भरती होणारे ५०० रुग्ण तपासले तेव्हा त्यांतील २०० जण दाखल होतानाच कुपोषित होते, असे दिसून आले. या दुसऱ्या अभ्यासाचा अर्थ नीट वाचणाऱ्यांना तो पुन्हा घराकडेच घेऊन गेला. कारण जो माणूस रुग्णालयाच्या दारात कुपोषित अवस्थेत उभा राहतो तो तसा झाला तो बाहेर, आपल्यामध्ये असताना.

दरम्यान शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनी दोन महत्त्वाच्या कल्पना पुढे आणल्या. वृद्धाची भूक का मंदावते याचा सांगोपांग शोध जॉन मॉर्ली यांनी १९८८ पासून घेतला: जठर सावकाश रिकामे होते, तृप्तीचे संकेत लवकर येतात, चव आणि वास यांचा आनंद ओसरतो, आणि या सर्वांवर आजार, औषधे आणि विषाद यांचा भार पडतो. १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी स्नायूंच्या वयोमानाने होणाऱ्या ऱ्हासाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले, आणि वजनाच्या काट्यापलीकडे पकडीचे बळ आणि चालण्याचा वेग यांकडे वैद्यांचे लक्ष वळले. याच प्रवाहातून वृद्धाला प्रथिने तरुणापेक्षा अधिक लागतात हा विचार पुढे आला. आपल्याकडे प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम ही शिफारस आहे, तर वृद्धांसाठी १.० ते १.२ ग्रॅम असावीत असे २०१३ च्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुचविले. पन्नास किलो वजनाच्या आजीला म्हणजे दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात ती सहाच्या आसपास असतात, अर्धा लिटर दुधात सोळा. तेव्हा सकाळी चहात बुडवलेली भाकरी, दुपारी पातळ आमटीशी चार घास भात आणि रात्री पुन्हा तोच भात, या आहारात ती भरण्याची शक्यता किती, हे वाचकाने स्वतःच ताडून पाहावे.

आहार-पाहण्या आणि शरीरशास्त्र यांच्या जोडीला तिसरा संप्रदाय चाळणी-प्रश्नावल्यांचा. फ्रान्समधील तुलूझ येथील ब्रुनो व्हेला, तसेच गिगोझ आणि गॅरी यांनी विकसित केलेली ‘मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट’ ही अठरा प्रश्नांची, तीस गुणांची पद्धत १९९४ पासून जगभर पसरली. चोवीस किंवा अधिक गुण ठीक, सतरापेक्षा कमी म्हणजे कुपोषण, आणि मधला पट्टा धोक्याचा. पुढे तिची सहा प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती झाली, आणि जेथे उंची-वजन घेता येत नाही तेथे पोटरीचा घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे की काय, एवढे पाहण्याची सोय तिच्यात आली. ब्रिटनमध्ये २००३ साली ‘मस्ट’ ही पद्धत आली, कॅनडात घरी राहणाऱ्या वृद्धांसाठीच हेदर केलर यांनी ‘स्क्रीन’ रचली, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्लिम’ निकषांनी या बहुविध पद्धतींना निदानापुरता तरी एक समान पाया देण्याचा प्रयत्न केला. या प्रश्नावल्यांची उपयुक्तता मी मानतो. पण त्या आपल्याकडे जशाच्या तशा उतरत नाहीत. पाठीत वाकलेल्या म्हातारीची उंची कमी भरते आणि त्यामुळे तिचा वजन-उंची निर्देशांक खोटाच चांगला दिसतो. पोटरीच्या घेराचे युरोपीय माप आपल्या सडपातळ बांध्याला लावावे की नाही याविषयी मतभेद आहेत. ‘भूक कशी आहे?’ या प्रश्नाला आपल्याकडची आजी ‘बरी आहे की’ असेच उत्तर देणार. तिला ‘काल रात्री काय जेवलात?’ असे विचारावे लागते, आणि तेही सुनेच्या देखत विचारून भागत नाही.

आपल्याकडची कारणे हा या विषयाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे. दारिद्र्य तर आहेच. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेली कुटुंबे चैत्राच्या सुमारास परततात. तोवर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांवर घर, शेळी आणि पुष्कळदा शाळकरी नातवंडे सोपवलेली असतात, आणि मुलांना आधी वाढून उरेल ते आपण खावे हा त्यांचा नेम कोणी त्यांच्यावर लादलेला नसतो, म्हणूनच तो कोणाला मोडताही येत नाही. मुंबईच्या पैशावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या कोकणात मोठ्या घरात एकटी उरलेली माणसे एका जिवासाठी चूल काय पेटवायची म्हणून सकाळचेच रात्री खातात. जेथे भावांनी वाटणी करताना आईचे महिनेही वाटून घेतलेले असतात, तेथे दर पाळीला तिचे ताट, तिची औषधे आणि तिचा मान नव्याने ठरतो. विधवेने हे खाऊ नये, ते खाऊ नये, ही बंधने कायद्याने नव्हे तर सवयीने टिकली आहेत, आणि ज्या स्त्रीने साऱ्या हयातीत सर्वांच्या शेवटी जेवण्याचा नियम पाळला ती सत्तरीत आल्यावर पहिल्या पंगतीला बसेल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

परंतु सुखवस्तू घरांतही हा धोका आहे, हे मी जोर देऊन सांगतो. तेथे त्याचे एक प्रमुख कारण पथ्य हे आहे. पन्नाशीत मधुमेह निघाला म्हणून भात सुटला, साठीत रक्तदाबापायी मीठ गेले, पुढे कोणी तूप बंद करावयास सांगितले, कोणी डाळीने वात होतो म्हणून ती कमी केली. प्रत्येक सल्ला त्या त्या वेळी कदाचित योग्यच होता, पण वजन उतरू लागल्यावर ही सर्व पथ्ये एकत्र पाहून त्यांतील कोणती आता सोडावीत हे सांगण्याचे काम कोणत्याच वैद्याकडे नसते. त्यात चातुर्मासाचे नेम आणि आठवड्याचे उपास मिळाले की आठवड्यातले दोन-तीन दिवस साबुदाणा आणि चहा यांवरच जातात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ या जीवनसत्त्वाचे शोषण घटते. आणि शाकाहारी वस्तीत ते आधीच किती तुटपुंजे असते हे पुण्यात के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाने पूर्वीच दाखवून दिले आहे. पडलेले दात, न बसणारी कवळी, मोतीबिंदूमुळे न दिसणारा शेगडीचा जाळ, बद्धकोष्ठाच्या भीतीने टाळलेले जेवण, रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर न प्यालेले पाणी, आणि जोडीदार गेल्यावर समोर कोणी बसलेले नसल्यामुळे न उतरणारा घास: ही यादी वैद्यकाच्या पुस्तकात सुटी सुटी सापडते, घरात ती एकाच माणसाच्या ठायी एकत्र नांदते.

शासनाच्या तरतुदींविषयी थोडक्यात. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आहे. साठ ते एकोणऐंशी वयासाठी केंद्राचा वाटा वर्षानुवर्षे दरमहा २०० रुपयांवरच स्थिर राहिला, आणि महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेमुळे ही रक्कम १५०० रुपयांपर्यंत गेली. ज्यांना निवृत्तिवेतन मंजूर होण्याजोगे असून मिळत नाही अशांसाठी दरमहा दहा किलो धान्याची अन्नपूर्णा योजना २००० साली आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. हे सर्व आवश्यक आहे. परंतु धान्य म्हणजे जेवण नव्हे, आणि दळण आणून भाकऱ्या थापण्याची ताकद ज्याच्या हातात उरलेली नाही त्याला पाच किलो गहू तितकासा उपयोगी पडत नाही. हयातीचा दाखला, बँकेतील हेलपाटे, आणि झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर न उमटल्यामुळे दुकानातून रिकाम्या हाताने परतणे, हेही या योजनांच्या अंमलबजावणीचे भाग आहेत. तामिळनाडूने १९८२ साली मुलांसाठी सुरू केलेली सकस भोजन योजना पुढील वर्षी निवृत्तिवेतनधारक वृद्धांनाही लागू केली; शिजवलेले दुपारचे जेवण वृद्धाच्या हाती देण्याचा हा प्रयोग आपल्या राज्याने जितक्या गांभीर्याने अभ्यासावयास हवा होता तितका अभ्यासलेला नाही, याचे मला दुःख वाटते.

उपायांच्या बाबतीत अभ्यासकांत एकमत नाही, आणि ते लपविण्याचे कारण नाही. पूरक पेयांच्या आणि भुकट्यांच्या चाचण्यांचा, वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी घेतलेला आढावा असे दाखवितो की त्यांनी वजनात अल्प पण सातत्याने वाढ होते. मात्र घरी राहणाऱ्या वृद्धांना ती सरसकट द्यावीत असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. याचा अर्थ काहीच करू नये असा नव्हे. कारण शोधल्यावाचून डबा विकत आणून देणे हा उपाय अपुरा आहे, एवढाच त्याचा अर्थ. कवळी नीट बसवून घेणे, एखादे औषध बदलणे, जुनी पथ्ये सैल करणे, दुपारचे एक जेवण कोणासोबत तरी घडवून आणणे, घरातल्या नेहमीच्या पदार्थांत दाण्याचे कूट, तूप, अंडे, दूध यांची भर घालणे, आणि त्याबरोबर थोडा व्यायाम, या गोष्टी स्वस्त आहेत. त्यांना लागतो तो वेळ आणि लक्ष.

प्रस्तुत ग्रंथाची योजना या सर्व विचारांतून झाली आहे. तो केवळ वैद्यांसाठी नाही, तसा केवळ सामान्य वाचकांसाठीही नाही. आशा कार्यकर्ती, ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस, तालुका आरोग्य अधिकारी आणि घरात ऐंशीची आई असलेली मुलगी, यांपैकी प्रत्येकाने आपल्या कामाचा भाग त्यातून उचलावा अशा रीतीने त्याची मांडणी केली आहे. त्यातील लेखकांची मते एकमेकांशी जुळतातच असे नाही. विशेषतः प्रश्नावल्यांवर किती भर द्यावा आणि उपासांविषयी वृद्धांशी कोणत्या सुरात बोलावे, यांवर त्यांत स्पष्ट मतभेद आहेत, आणि संपादकांनी ते तसेच राहू दिले हे योग्यच झाले. स्मृतिभ्रंश झालेल्यांना भरविण्याचा प्रश्न, तसेच मेळघाट आणि नंदुरबार येथील आदिवासी वृद्धांचा प्रश्न, येथे केवळ स्पर्शिले आहेत. त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवेत, आणि ते त्या भागांत काम करणाऱ्यांनी लिहावेत. शेवटी जोडलेली मोजमापाची कृती मात्र वाचकाने वाचून सोडू नये: मोजपट्टी घ्यावी, पाय जमिनीवर टेकवून बसलेल्या माणसाच्या पोटरीच्या सर्वांत रुंद भागाचा घेर घ्यावा, तारखेसह लिहून ठेवावा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावा.